सुतार, शिंपी, धोबी आणि वारकरी : नांदूर मध्यमेश्वरचा एक दिवस

सहल म्हटली की आपल्या घरांत दोन-चार ठिकाणेच ठरलेली असतात. लेणी, एखादे धरण, फार तर नातेवाइकांचे गाव. पक्षी पाहण्यासाठी म्हणून घर सोडून कोणी जात नाही. ‘पक्षी काय, ते दारातही दिसतात,’ असे वडीलधारी म्हणतात. आणि ज्यांच्या गळ्यात लाख-लाख रुपयांचे कॅमेरे लोंबतात त्यांचाच हा छंद, कामावरून थकून येणाऱ्या माणसाने त्यात पडू नये, अशी आपलीही समजूत झालेली आहे. ही समजूत खरी की खोटी, हे स्वतः जाऊन पाहावे म्हणून जानेवारी २०२५ मधील एका रविवारी आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतील सतरा माणसे नांदूर मध्यमेश्वरला गेली. त्यांत नऊ मुले, पाच महिला आणि आम्ही तिघे पुरुष. गाडीचे भाडे वर्गणीतून, डबे घरचे. त्या दिवसाचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धरण बांधले शेतीसाठी, आले पक्षी

नांदूर मध्यमेश्वर हे निफाड तालुक्यातील गाव. येथे गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांचा संगम होतो. इंग्रजांच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, येथे दगडी बंधारा बांधण्यात आला. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता भागातील शेतीला जाते. पावसाळ्यात येथून सोडलेले पाणी पुढे पैठणच्या जायकवाडी धरणात पोहोचते. म्हणजे बंधारा बांधला तो उसासाठी आणि ज्वारीसाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते.

पण नदी पाण्याबरोबर गाळही आणते. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, त्यांवर गवत व पाणवनस्पती वाढल्या. त्यांत किडे, गोगलगायी, मासे, बेडूक वाढले. ज्याला आपण चिखल म्हणून नाके मुरडतो तो चिखल पक्ष्यांच्या दृष्टीने वाढलेले ताट असतो. म्हणून पक्षी आले. १९८६ साली शासनाने सुमारे १०० चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर केला. महाराष्ट्राचे भरतपूर असे त्याला म्हटले जाते.

पाणथळ जागा जपण्यासाठी इराणमधील रामसर या शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव आल्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले हे पहिले ठिकाण. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी ही ठिकाणे त्यात आली. वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद येथे झालेली आहे.

निफाडची थंडी आणि एकच दुर्बीण

पहाटे पाचला निघालो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत राज्यातील सर्वांत कमी तापमान बहुधा निफाडचेच असल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पारा फार उतरला की द्राक्षबागाईतदार बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. तशा एक-दोन शेकोट्यांचा धूर रस्त्याच्या कडेला दिसला. मुलांनी मफलर, टोप्या, मोठ्या भावाचे स्वेटर असे मिळेल ते अंगावर चढवले होते.

चापडगावच्या बाजूला वन खात्याचे पक्षी-निरीक्षण मनोरे आहेत. तेथे प्रवेशाची पावती घेऊन गावातीलच एका तरुण मार्गदर्शकाला बरोबर घेतले. त्याच्याजवळ तिकाटण्यावर लावायची मोठी दुर्बीण होती. आमच्याजवळ मागून आणलेली एकच लहान दुर्बीण. तिच्यावर ‘८ बाय ४०’ असे आकडे होते. मुलांनी अर्थ विचारला. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग जेवढे मोठे तेवढा उजेड अधिक. हे सांगितल्यावर दुर्बीण कोणाकडे किती वेळ राहावी यावर मुलांनीच नियम केला : प्रत्येकाने साठ आकडे मोजेपर्यंत. मोजणारा दुसरा.

आमच्या कारकुनी सवयीप्रमाणे आम्ही शंभर पानी वहीत रकाने आखून नेले होते : अनुक्रमांक, पक्ष्याचे नाव, संख्या, काय करीत होता. शेवटचा रकाना महत्त्वाचा. नाव विसरले तरी चालते, पण पक्षी काय करीत होता हे पाहिले की तो लक्षात राहतो.

एकच चिखल, वेगवेगळ्या चोची

धुके विरळ झाले आणि पाण्यावर काळे ठिपकेच ठिपके दिसू लागले. मार्गदर्शक म्हणाला, ‘‘हे वारकरी.’’ दुर्बिणीतून पाहिले. काळे अंग आणि कपाळावर गंध लावावे तसा पांढराशुभ्र टिळा. शेकडोंनी एकत्र चाललेली दिंडीच. हे पक्षी उडताना आधी पाण्यावर पाय आपटीत धावतात आणि मग हवेत उठतात. मुलांना ती धाव इतकी आवडली की पुढचा अर्धा तास दुसरे काही पाहायला कोणी तयार नव्हते.

त्यांच्या अलीकडे हळदी-कुंकू बदके. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. ही आपल्याकडचीच रहिवासी. थापट्या, तलवार बदक, भिवई बदक हे मात्र हिवाळ्याचे पाहुणे. हिमालयापलीकडून, मध्य आशिया आणि सायबेरियाकडून ते येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. थापट्याची चोच पुढे रुंद असते. तिच्या कडांना चाळणीसारखे दाते असतात. तो पाणी तोंडात घेतो, गाळून बाहेर सोडतो आणि आतले बारीक जीव खातो. तलवार बदक डोके पाण्यात घालून शेपूट वर करते आणि तळातले बी व किडे वेचते. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात उभा राहून बारीक चोचीने टिपतो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी काढतो. त्याच्या दोन्ही चोची मिटल्या तरी मध्ये फट राहते. टिबुकली बुडी मारते ती भलतीकडेच वर येते. पाणकावळा बुडी मारून आला की पंख पसरून वाळवीत बसतो, कारण त्याची पिसे भिजतात.

चोची निराळ्या, पाय निराळे, पण चिखल एकच. एकाने दुसऱ्याचे ताट ओढले नाही. सगळ्यांना पुरले.

मग कमळपक्षी दिसला. लांबलचक बोटांमुळे तो पाण्यावरच्या पानांवर चालतो आणि बुडत नाही. मार्गदर्शकाने सांगितले की याची मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे सर्व नर करतो. हे ऐकताच आमच्याबरोबरच्या महिलांनी आम्हा तिघांकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे न केलेले बरे.

नाव कोणी ठेवले?

दहाच्या सुमारास पांढऱ्या पक्ष्यांचा एक घोळका उथळ पाण्यात उतरला. चोच लांब, पुढे चपटी आणि पसरट. चोच अर्धवट उघडी ठेवून ते मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत चालले होते. आमच्याबरोबरच्या एका मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुर्बीण डोळ्यांना लावली होती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हा तर पळी घेऊन आमटी ढवळतोय!’’

सगळे हसले. मार्गदर्शक हसला नाही. तो म्हणाला, ‘‘मावशी, याला चमच्या म्हणतात. आणि पुस्तकातलं दुसरं नाव आहे दर्वीमुख.’’ दर्वी म्हणजे काय, असे एका मुलाने विचारले. दर्वी म्हणजे पळी. ज्या पंडिताने संस्कृतात हे नाव ठेवले त्याने जे पाहिले, तेच आमच्या मावशींनी पाहिले. फरक इतकाच की त्याच्या शब्दाला पुस्तकात जागा मिळाली.

यावरून मुलांनी पक्ष्यांच्या नावांचा नादच घेतला. वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू झाली. झाडाला चोचीने ठोके देणारा तो सुतार. पानाला पान शिवून घरटे करणारा तो शिंपी. भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक आवाज करणारा तांबट. पाण्याच्या काठी शेपटी सारखी खालीवर आपटणारा धोबी. किडे-सरडे पकडून काट्याला टांगून ठेवणारा खाटीक. घारी-कावळ्यांना हुसकून लावणारा कोतवाल. भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात, तेही कोणी सांगितले.

सातवीतली एक मुलगी यादी लिहिता लिहिता थांबली. ‘‘काका, पक्ष्यांतही जाती असतात काय?’’

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ द्यायला हवे होते. आम्ही सांगितले : पक्ष्यांत जात नाही. सुतार पक्ष्याला कोणी सुतारकामावर बसवले नाही आणि धोबी पक्ष्याला कोणी गावाबाहेर ठेवले नाही. नावे माणसाने दिली. पण कोणत्या माणसाने? लाकूड तासताना ज्याने मान वर करून झाडाकडे पाहिले त्याने. नदीवर कपडे धुताना शेजारच्या दगडावर शेपटी हलवणारा पक्षी ज्याने पाहिला त्याने. हातात हातोडी असलेल्याला पक्ष्याच्या आवाजात हातोडी ऐकू आली. ही नावे काम करणाऱ्यांच्या डोळ्यांनी ठेवलेली आहेत. दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता, सुटीचा रविवारही नव्हता. तरी ते पाहत होते.

चक्रवाकाला ब्राह्मणी बदक असेही म्हणतात, असे मार्गदर्शकाने सांगितल्यावर जो हशा पिकला तो पाण्यापलीकडच्या चक्रवाकांनीही ऐकला असेल. ते मात्र आपल्या चिखलात सर्वांबरोबरच चरत राहिले.

हा विचार आम्हीच पहिल्यांदा केला असे नाही. वन खात्यात सारी नोकरी केलेले मारुती चितमपल्ली जंगलात राहणाऱ्या आदिवासींकडून, मासेमाऱ्यांकडून पक्ष्यांची नावे गोळा करीत राहिले आणि त्यांनी मराठीत ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. डॉ. सलीम अली हे भारतातील पक्षिशास्त्राचे मोठे नाव. त्यांनीही तरुणपणी मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी यांचे शिक्षण घेतले होते. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळू शकली नाही. म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याचे काम त्यांनी केले. तेही सुटल्यावर किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४१ साली निघाले. आपली मुले वाणिज्य शाखेत असोत वा आयटीआयमध्ये, पाहण्याची वाट कोणालाही बंद नाही.

फोटोसाठी टाळी वाजवायची नाही

दुपारी बारानंतर ऊन वाढले. बदके पाण्यात डोके पंखांत खुपसून स्वस्थ झाली. आमच्याजवळ एक साधा कॅमेरा आणि मोबाईल फोन होते. मोबाईलमध्ये पक्षी ठिपक्याएवढाच येतो. मार्गदर्शकाने युक्ती दाखवली : मोठ्या दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईलचे भिंग नीट टेकवायचे आणि श्वास रोखून बटण दाबायचे. पंधरा प्रयत्नांत एक फोटो बरा आला. राखी बगळ्याचा. तो सर्वांच्या मोबाईलवर गेला.

मनोऱ्यावर शहरातून आलेले दोन गृहस्थ मोठमोठी भिंगे लावून बसले होते. बराच वेळ बदके हलेनात. तेव्हा त्यांतील एकाने आमच्या मार्गदर्शकास बोलावून सांगितले की काठावर जाऊन जोरात टाळ्या वाजव, थवा उडाला की चांगला फोटो मिळेल, तुला वेगळे पैसे देऊ. तो म्हणाला, ‘‘साहेब, नाही जमणार. हजारो किलोमीटर उडून आलेत ते. इथं खातात, झोपतात, अंगात ताकद साठवतात आणि परत तेवढंच उडायचंय त्यांना. दिवसातून दहा जणांनी उडवलं तर कसं व्हायचं?’’ गृहस्थ गप्प बसले. पुढे त्यांनीच आपल्या कॅमेऱ्यातले फोटो आमच्या मुलांना दाखवले, हेही नमूद केले पाहिजे.

मुलांनी ते संभाषण ऐकले. परतताना त्यांच्या गप्पांत पक्ष्यांइतकाच तो तरुण होता. चार पैशांची गरज त्यालाही असणार. पण आपले काम कशासाठी आहे हे त्याला कळत होते.

गावाचे म्हणणे आणि आपली गटारे

डबे खाताना बांधावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. बाबा म्हणाले, ‘‘पाखरं चांगली आहेत, आमचं काही म्हणणं नाही. पण गाळानं धरण भरलं, की पुराचं पाणी मागं फुगतं. आमच्या घरात शिरतं.’’ यात खोटे काही नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वरच्या अंगाची सायखेडा आणि चांदोरी ही गावे पाण्याखाली गेली होती, हे नाशिककरांना आठवत असेल. गाळ काढावा ही त्या भागातील लोकांची मागणी आहे. आणि त्याच गाळावर पक्ष्यांचे पोट आहे.

पाहायला येणारा दिवसभर पाहून घरी जातो. पुराचे पाणी मात्र तिथेच राहणाऱ्याच्या चुलीत शिरते. म्हणून पक्षी वाचवा असे म्हणताना त्या गावांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. कुठला गाळ काढायचा, कुठला ठेवायचा, हे जाणकारांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ठरवावे. त्या तरुणासारखी गावातील मुले जर पक्ष्यांवर चार पैसे मिळवू लागली, तर गावही पक्ष्यांच्या बाजूने उभे राहते.

दुसरी गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. पाण्याच्या मोठ्या भागावर हिरव्यागार पानवेली पसरलेल्या होत्या. दिसायला सुंदर, जांभळी फुले. पण त्यांच्याखाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे तगत नाहीत. सांडपाण्यातून येणाऱ्या खतावर ही वनस्पती पोसली जाते. ते सांडपाणी कोठून येते? गोदावरी नाशिकमधूनच खाली येते. शहराने नदीत जे सोडले ते येथे येऊन उगवते. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही मागणी आपण नळाच्या पाण्याच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे.

आणि संक्रांत. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. झाडांत आणि तारांत अडकून राहिलेला हा मांजा सडत नाही, आणि पक्ष्याचा पंख कापतो. माणसाचा गळाही कापतो. आमच्या नऊ मुलांनी परतीच्या गाडीत नायलॉन मांजा न घेण्याचे ठरवले. कोणी सांगून नव्हे, वारकऱ्यांची ती धाव पाहून.

जायचे असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाशिकहून गाडीने तासा-दीड तासाचा रस्ता आहे. निफाडला रेल्वे स्थानकही आहे, तेथून पुढे वाहन करावे लागते. सूर्य उगवताना पोहोचावे. भडक रंगाचे कपडे, अत्तर, मोठ्याने गाणी टाळावीत. खाकी, मातकट, हिरवा रंग बरा. लहान मुलांना उबदार कपडे, सर्वांना पाणी आणि भाकरी. प्लॅस्टिक परत आणावे. गावातील मार्गदर्शक अवश्य घ्यावा, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. आपणही मजुरीवर जगणारी माणसे आहोत.

वहीत संध्याकाळी एकेचाळीस नावे झाली. त्यांतील सात पक्षी आमच्या वस्तीतल्या वडाच्या झाडावर आणि नाल्याच्या काठीही दिसतात, हे मुलांनी पुढच्या आठवड्यात शोधून काढले. एवढ्यासाठी निफाडपर्यंत जावे लागले, हे खरे. पण आता नाल्याकडे जाताना मुले नाक न धरता वर पाहतात.

वाचकहो, शेवटी एक विनंती. आपल्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा : तुमच्या गावी या पक्ष्याला काय म्हणत? शेतात, नदीवर, रानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्याजवळ अशी कितीतरी नावे आहेत. ती कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाहीत. एका वहीत रकाने आखा. नाव, गाव, सांगणाऱ्याचे नाव आणि ते नाव का पडले, हे लिहून ठेवा. आमच्या वहीत चमच्यापुढे कंसात ‘पळीवाला’ असे लिहिलेले आहे आणि त्यापुढे मावशींची सही आहे. साक्षरता वर्गात शिकलेली ही सही त्यांनी स्वतः केली.